ओळखीचे, पण नाव नाही

माझ्या सिगारच्या वहीत एका पानावर अशी नोंद आहे : ‘मधल्या टप्प्यात काहीतरी ओळखीचे. लाकूड नव्हे, माती नव्हे, कोको नव्हे. नाव आठवत नाही.’ त्याखाली गुण दिलेले आहेत, १०० पैकी ८८. ज्या स्वादाचे नाव मला सांगता आले नाही त्याच्यासकट त्या सिगारचे मोल मी इतके नेमके ठरवले होते, की ८७ दिले असते तर त्याच्यावर अन्याय झाला असता आणि ८९ दिले असते तर पक्षपात! आज हे वाचताना स्वतःचेच हसू येते. पण त्या संध्याकाळी समोर पाण्याचा पेला होता, मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवलेले होते, पेन्सिलीला टोक केलेले होते आणि परीक्षकाला शोभेल असा सगळा ताठा माझ्या अंगात होता.

त्याआधीची पाने चाळली, तर तिथे एकाच शब्दाचा सुकाळ दिसतो, तो म्हणजे ‘कडक’. ‘कडक’, ‘जरा कडक’, ‘आधी बरा, मग कडक’. मराठीत हा शब्द फार कामाचा आहे आणि त्यामुळेच तो आपल्याला आळशी करतो. ऊन कडक असते, इस्त्री कडक असते, मास्तर कडक असतात, आणि तंबाखूही कडक असते. पण तंबाखूला कडक म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकाच दावणीला बांधत असतो, हे मला बराच काळ उमगले नव्हते. पहिली गोष्ट म्हणजे ताकद, निकोटिनचा जोर. ती जिभेला कळत नाही, डोक्यात, पोटात आणि तळहातांना सुटलेल्या घामात कळते. दुसरी म्हणजे भरदारपणा, धुराचे तोंडातले वजन. काही धूर पाण्यासारखा विरून जातो आणि काही साय धरल्यासारखा गालांना आतून चिकटून राहतो. तिसरी गोष्ट स्वाद. या तिन्हींचे आपसात काही ठरलेले नसते. एखादा सिगार तोंडात अगदी सौम्य वाटतो आणि उठून उभे राहिल्यावर पायाखालची जमीन हलवतो. उलट काळ्या, तेलकट पानात गुंडाळलेला, दिसायला दांडगा असा एखादा निव्वळ गोडसर आणि भिडस्त निघतो. पानाच्या रंगावरून ताकद ठरवणे ही तर नवख्यांची हमखास चूक आहे आणि मी ती अनेकदा केलेली आहे.

ताकद म्हणजे काय ते मला एका दुपारी रिकाम्या पोटी कळले. निम्मा सिगार संपेपर्यंत मी आनंदात होतो. नोंदीत ‘मिरी, कोको, उत्तम’ असे लिहिलेले आहे. त्यापुढची ओळ मात्र उजवीकडे घसरत जाऊन पानाच्या कडेशी संपते. कपाळावर गार घाम आला, तोंडाला पाणी सुटू लागले, आणि पुढचा अर्धा तास मी जिभेवर साखर ठेवून जमिनीवर आडवा पडून होतो. एकही झुरका छातीत घेतलेला नव्हता. सिगारची पाने हवेवर सावकाश वाळवलेली आणि नंतर आंबवलेली असतात. त्यांत साखर फारशी उरत नाही आणि त्यांचा धूर अल्कधर्मी होतो. अशा धुरातले निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरते. सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो, म्हणून सिगार निरुपद्रवी आहे, ही समजूत म्हणूनच खोटी आहे. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते, आणि तोंड, घसा, स्वरयंत्र व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध पक्का आहे. मी महिन्याला दोनच ओढतो. दोनांत धोका नाही असे माझे म्हणणे नाही. दोनांवर थांबता येते एवढेच.

आता चवीकडे वळतो. आपल्या भाषेत ‘चव’ आणि ‘स्वाद’ हे दोन शब्द आहेत आणि आपण ते बिनदिक्कत एकमेकांच्या जागी वापरतो, पण सिगार ओढणाऱ्याने त्यांच्यात फारकत करावी असे मला वाटते. चव जिभेची. तिथे मामला छोटा आहे : गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी उमामी, जी १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी वेगळी काढून दाखवली. जिभेचे शेंडा गोडाचा, मूळ कडूचे असे वाटे पाडणारा नकाशा पुष्कळांच्या डोक्यात अजून असतो. तो १९०१ च्या एका जर्मन निबंधातल्या मोजमापांचा पुढे चुकीचा अर्थ लावल्यामुळे रूढ झाला. पाचही चवी जिभेवर सगळीकडे कळतात. तरीही मी पहिले वर्षभर धूर मुद्दाम जिभेच्या मुळाशी नेऊन कडवटपणा ‘तपासत’ होतो.

आपल्याकडच्या जुन्या षड्रसांची यादी मात्र सिगारसाठी मला अधिक उपयोगाची वाटते. तीत गोड, आंबट, खारट आणि कडू यांच्या जोडीला तिखट आणि तुरटही बसलेले आहेत. (संस्कृतातला ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू, मराठीने ‘कटु’चा ‘कडू’ करून अर्थाची अदलाबदल केली, हे लक्षात आले तेव्हा माझी गंमत वाटून करमणूक झाली होती.) आधुनिक शास्त्र या दोघांना चवीत धरत नाही, ते त्यांना स्पर्शाकडे ढकलते : तिखट म्हणजे चेहऱ्याच्या मज्जातंतूला होणारी चुणचुण, आणि तुरट म्हणजे लाळेतला ओशटपणा नाहीसा होऊन जीभ आणि टाळू एकमेकांना खडबडीत लागणे. शास्त्राचे बरोबरच असणार. पण सिगारच्या बाबतीत हे दोन पाहुणेच घर चालवतात. पहिल्या दहा झुरक्यांत जी मिरी म्हणतात ती चुणचुण असते, आणि शेवटी तोंड कोरडे करून जाणारा तो तुरटपणा. जो सिगार या दोघांना आवरून धरतो त्याच्या बाकीच्या स्वादांना बोलायला जागा मिळते. केवळ पाच चवींच्या हिशेबाने मोजले, तर बहुतेक सिगार ‘किंचित कडू, किंचित गोड’ एवढ्यावरच आटोपतील.

बाकी सगळे नाकाचे काम आहे. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये गंध ओळखणाऱ्या ग्राहकांचे (म्हणजे नाकातल्या रिसेप्टरांचे) जनुक-कुळ शोधून काढले आणि त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात असे काम करणारे ग्राहक साधारण ४०० प्रकारचे आहेत. जिभेच्या पाचांसमोर हे चारशे ठेवले, की कोको, कातडे, गवत, लाकूड हे शब्द कुठून येतात ते स्पष्ट होते. मात्र हा गंध नाकपुडीतून आत जाणारा नसतो. तो तोंडाच्या मागच्या वाटेने, घशाच्या वरून नाकात चढतो, आणि मेंदू तो तोंडातच घडल्यासारखा आपल्याला सादर करतो. नाक चिमटीत धरून एक झुरका घेऊन पाहावा. तोंडात ऊब, चुणचुण आणि थोडा कडवटपणा उरतो, आणि चिमटी सोडताच सगळा स्वाद एकदम आत येतो.

या मागच्या वाटेचा मुद्दाम उपयोग करणे म्हणजेच तोंडातला धूर नाकातून सोडणे. सिगारचे जाणकार याला फार मानतात आणि नवखे याला फार घाबरतात, दोघांचेही बरोबर आहे. मी पहिल्यांदा प्रयत्न केला तेव्हा तोंडभर धूर एकदम नाकात चढवला. डोळ्यांत पाणी, नाकात आग, आणि दहा मिनिटे कशाचाच वास नाही. ही युक्ती शिकायला मला दोन-तीन महिने लागले, आणि शेवटी जमली ती अगदी कंजूषपणा केल्यावर. तोंडात धूर घ्यायचा, त्यातला बहुतेक तोंडानेच सोडून द्यायचा, ओठ मिटायचे, आणि जे काही गालांत उरले असेल तेवढेच, गिळल्यासारखी हालचाल करून, हळूच नाकातून जाऊ द्यायचे. श्वास आत घ्यायचा नाही. सगळा प्रवास बाहेरच्या दिशेने. ते पहिल्यांदा नीट जमले त्या दिवशी मी हातातल्या सिगारकडे दोनदा वळून पाहिले. आतापर्यंत ज्याला मी नुसते ‘लाकूड’ म्हणत आलो होतो त्यात ओल्या फळीचा वास होता, बंद कपाटाचा होता, आणि कुठेतरी मागे जायफळाचा एक धागाही होता. सिगार तोच होता, मी त्याच खोक्यातले चार आधी ओढले होते. प्रत्येक झुरक्याला हा प्रयोग करू नये. पाच-सहा झुरक्यांतून एकदा पुरतो, नाहीतर नाक बधिर होते आणि मग बधिर नाकाने सिगारला सपक ठरवण्याचा अन्याय घडतो.

जळत्या पानात कोको आणि कॉफी कुठून येते, असा प्रश्न मला पुष्कळ जण थोड्या संशयानेच विचारतात, जणू ती वर्णने म्हणजे शिष्टांची बनवाबनवी आहे. तशी ती कित्येकदा असतेही. पण कोको, कॉफी आणि तंबाखू या तिन्हींत उष्णतेने साखर आणि अमिनो आम्ले एकमेकांशी भिडतात आणि पायराझिन नावाच्या संयुगांचे कुटुंब तयार होते. भाजल्याचा, खरपूस, सुक्या मेव्यासारखा वास त्यांचाच. म्हणजे जे साम्य नाकाला जाणवते ते कल्पनेतले नसते, दोन्हीकडे खरोखरच एका गोत्रातले रेणू असतात. वाळल्या गवताचा आणि फुलांचा जो हलका वास येतो तो पानातली पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये मोडताना सुटतो. हे सगळे घडते ते मुख्यतः आंबवण्याच्या काळात. वाळलेली पाने कमरेएवढ्या किंवा त्याहून उंच ढिगांत रचून ठेवतात; ढीग आतून आपोआप तापतो, आणि तो फार तापू नये म्हणून मोडून, आतली पाने बाहेर आणि बाहेरची आत घालून पुन्हा रचतात. या काळात पानातून अमोनिया उडून जातो. जो ढीग घाईने उरकला त्याच्या सिगारला पुढे नाकात झोंबणारा, जनावरांच्या गोठ्याची आठवण देणारा एक दर्प येतो. एकदा तो ओळखता आला की मग चुकत नाही, आणि माझ्या लेखी सिगारचा तोच सर्वांत अक्षम्य दोष आहे, कारण तो हाताच्या चुकीने झालेला नसून उतावीळपणाने झालेला असतो.

पानाचे झाडावरचे स्थानही स्वादात उतरते. तंबाखूची पाने खालून वर, टप्प्याटप्प्याने खुडतात. क्यूबातल्या परंपरेत खालच्यांना व्होलादो, मधल्यांना सेको आणि वरच्यांना लिगेरो म्हणतात. खालची पाने चांगली जळतात पण बोलत नाहीत; मधली सुगंध देतात; वरची, ज्यांनी सर्वाधिक ऊन खाल्लेले असते, ती जाड, तेलकट, ताकदवान आणि जळायला मंद असतात, म्हणून वळणारा कारागीर त्यांना मधोमध ठेवतो, नाहीतर सिगार एका अंगाने जळत जातो. या भरणाभोवती बांधणीचे पान आणि त्यावर सगळ्यात देखणे, शिरा न दिसणारे वेष्टनाचे पान. हे वेष्टन वजनाने नगण्य असते, पण ओठ त्यालाच लागतात आणि पहिला वास त्याचाच येतो. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये कापडाच्या मांडवाखाली सावलीत वाढवलेले फिकट पान साईसारखे मऊ लागते. इक्वेडोरमध्ये तेच काम आकाशातले ढग करतात. आणि कांदेला नावाचे हिरवे पान, जे झटपट उष्णता देऊन हिरवेच राखलेले असते, ते गवत चावल्यासारखे लागते आणि मला ते मुळीच आवडत नाही. जाडीचाही इथे संबंध येतो. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात. ५० अंकाचा सिगार साधारण २० मिलिमीटर जाड असतो. जितका तो जाड तितके त्यात भरण अधिक आणि धूर थंड. जितका बारीक तितका वेष्टनाचा वाटा मोठा. एकच मिश्रण मी दोन जाडींत ओढून पाहिले आहे आणि ते दोन सख्ख्या भावांइतके सारखे आणि तितकेच वेगळे निघाले. सध्या ६० अंकाचे आणि त्याहून जाड सिगार करण्याची जी हौस आहे, तिच्यात स्वादापेक्षा मिरवण्याचा भाग जास्त आहे, असे माझे मत आहे.

ज्या सिगारच्या नोंदीपासून मी या लेखाची सुरुवात केली तो पाच इंच लांब, ५० अंकाचा, मध्यम तपकिरी वेष्टनाचा रोबुस्टो होता. पेटवण्यापूर्वी मी त्याच्या पायाचा, म्हणजे पेटवायच्या टोकाचा, वास घेतला : सुके गवत आणि मनुका. ओठांकडच्या टोकाची टोपी कापून न पेटवताच एक ओढ घेतली, तर ओठांवर किंचित मीठ आणि जिभेवर देवदार. ‘देवदार’ म्हणायचे, पण ज्या स्पॅनिश सीडरच्या पेटीत सिगार मुरतात तो वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने देवदार नव्हेच. तो महोगनीच्या, म्हणजे आपल्या कडुनिंबाच्याच कुळातला वृक्ष आहे, आणि हे कळल्यापासून मला त्या वासात एक बारीकसा कडवटपणा जाणवू लागला, तो खरा की माहितीने आणलेला, देव जाणे. पेटवताना ज्योत पानाला लागू न देता खालून फिरवली. काडी असेल तर गंधक जळून जाईपर्यंत थांबावे, आणि मेणबत्तीवर किंवा पेट्रोलच्या लायटरवर पेटवू नये, कारण पहिली दहा मिनिटे मग त्याच इंधनाचा स्वाद येत राहतो. पहिला टप्पा मिरीचा होता, सरळ आणि थोडासा उद्धट. पंधराव्या मिनिटाला मिरी मागे हटली, धूर जाड झाला, आणि भाजल्या दाण्यांचा खमंगपणा पुढे आला. आणि मग साधारण मध्यावर, नाकातून सोडलेल्या एका छोट्या झुरक्यात, ते आले : उबदार, स्वच्छ, कोरडे आणि तरी ओलसर, करपण्याच्या अगदी अलीकडचे. तीन-चार झुरके ते टिकले. मी वहीत भराभर शब्द लिहून खोडले. शेवटच्या टप्प्यात कोको गडद झाला, तुरटपणा वाढला, बोटांना उष्णता लागू लागली, आणि ५५ मिनिटांनी मी तो खाली ठेवला. शेवटपर्यंत ओढत राहण्यात काही पराक्रम नाही. सिगार जसजसा आखूड होतो तसतसे मागे राहिलेले डांबर आणि ओल पुन्हा जळू लागते, आणि मग जे लागते ते तंबाखूचे नसून तिच्या काजळीचे असते.

बांधणीविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिथे मतभेदाला जागा कमी असते. ओढ घट्ट नसावी आणि मोकाटही नसावी. जळती कड साधारण सरळ राहावी. राख बऱ्यापैकी टिकावी. राख पांढरी असली म्हणजे सिगार श्रेष्ठ, हा समज मात्र सोडून द्यावा; राखेचा रंग मातीतल्या खनिजांवर अवलंबून असतो. साठवणीची आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. तिच्याहून ओला सिगार आंबूस लागतो आणि सारखा विझतो, कोरडा सिगार भराभर आणि तापून जळतो. आणि या दोन्हींचे खापर स्वादाच्या नोंदीत सिगारवर फोडले जाते, जेव्हा दोष ठेवणाऱ्याचा असतो. झुरका मिनिटाला एक, असा जो दंडक सांगतात तोही सिगार तापू नये म्हणूनच आहे. घाईने ओढलेला कुठलाही सिगार कडूच लागतो, आणि मन अस्वस्थ असले की आपण घाईने ओढतो, म्हणजे माझ्या वहीतल्या कित्येक ‘कडवट’ सिगारांनी निव्वळ माझ्या वाईट दिवसांची शिक्षा भोगलेली आहे.

गुणांचे प्रकरण यापेक्षा अवघड. १०० पैकी गुण देण्याची पद्धत वाइनच्या जगातून आली, आणि १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘सिगार अफिशिओनाडो’ या मासिकाने ती सिगारांसाठी रूढ केली. तिथे सिगारवरच्या नावाच्या कागदी पट्ट्या काढून, कोणता सिगार कोणाचा हे परीक्षकांना कळू न देता चव घेतात. मीही तेच करायचे ठरवले. धाकट्या बहिणीला चार वेगवेगळे सिगार दिले, पट्ट्या काढून प्रत्येकाला एक अंक द्यायला सांगितले, आणि पुढचे दोन महिने ते एकेक करून ओढले. दुसऱ्या क्रमांकाच्या सिगारला मी ९१ गुण दिले. नोंदीत ‘सौष्ठव’, ‘मध’, ‘लांब रेंगाळणारा शेवट’ असे शब्द आहेत. चौथ्याला ८३, ‘एकसुरी, शेवटी तुरट’. निकाल ऐकायला बहीण समोर बसली, आणि मी वाचून संपवल्यावर शांतपणे म्हणाली, “दादा, एक सिगार मी घातलाच नव्हता. दोन आणि चार एकाच पेटीतले आहेत.” असे का केले, हे विचारल्यावर ती म्हणाली, की तिला सिगारची नव्हे, माझी परीक्षा घ्यायची होती. बाजूला काढलेला सिगार तिने ओढणीच्या टोकात जपून आणला होता, तो तिने माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

पुढचे काही दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो. दोन सिगार हातांनी वळलेले, त्यांच्यात फरक असणारच. एक पावसाळी दिवशी ओढला, एक उकाड्यात. एकाच्या आधी कॉफी घेतली होती. हे सगळे खरे होते आणि तरीही पुरेसे नव्हते. मग मला फ्रान्समधल्या बोर्दो इथला तो प्रयोग आठवला, ज्याचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले : वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून दिला, आणि त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनला लागू होणाऱ्या शब्दांत केले. ते विद्यार्थी मूर्ख होते, असा याचा अर्थ लावतात, तो मला पटत नाही. त्यांच्या नाकाने आपले काम केले होते, पण शब्द डोळ्यांनी पुरवले. माझ्या बाबतीत डोळ्यांना फसायला पट्टी नव्हती. तिथे शब्द पुरवले होते ते क्रमाने. दुसरा सिगार चांगला निघाला म्हणून चौथ्याकडून मी काही वेगळे मागत होतो, आणि ते न मिळाल्याचे आठ गुण कापले.

त्यानंतर मी गुण देणे थांबवले असे सांगायला मला आवडले असते, पण तसे झाले नाही. आकड्याची खोड सहजी जात नाही आणि तिचा एक फायदाही आहे. आकडा लिहायचा म्हटले की मनाला काहीतरी ठरवावे लागते, नाहीतर सगळेच सिगार ‘एकंदरीत छान’ होऊन बसतात. बदल एवढाच केला, की एकाच सिगारला तीनदा, निदान दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने ओढल्याखेरीज आकडा लिहायचा नाही, आणि तिन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवायचे, सरासरी काढायची नाही. ८४, ९०, ८६ असे लिहिलेले पाहिले की त्या सिगारविषयी आणि माझ्याविषयीही अंदाज येतो. ८७ एवढेच लिहिलेले पाहिले तर दोघांविषयीही काही कळत नाही. शब्दांच्या बाबतीत मी अधिक कडवा झालो. ‘सौष्ठव’, ‘समतोल’, ‘गुंतागुंत’ हे शब्द वहीतून हद्दपार केले, कारण ते स्वादाचे नसून परीक्षकाच्या मूडचे आहेत. ज्या वासाची वस्तू मी स्वतः नाकाजवळ धरलेली नाही तिचे नावही लिहायचे नाही. यात ‘ट्रफल’, ‘चंदेरी देवदार’ आणि ‘जुने घोड्याचे खोगीर’ असे माझे काही लाडके शब्द गेले. खोगिराच्या जवळपास मी आयुष्यात कधी गेलेलो नव्हतो.

त्या नाव नसलेल्या स्वादाचे मात्र तसेच राहिले. तो सिगार मी नंतर तीन वेळा ओढला. दोनदा तो वास आला, एकदा नाही. नोंदीत त्या दोन्ही वेळी ‘पुन्हा तेच’ एवढेच आहे. घरातल्या डब्यांची झाकणे उघडून, लाकडाच्या फटींना नाक लावून, भिजवलेल्या पुठ्ठ्याचा, नव्या दोरखंडाचा वास घेऊन मी त्याचा माग काढायचा प्रयत्न केला, आणि घरातल्यांनी तो प्रकार मुकाट्याने सोसला.

मग जवळजवळ वर्षाने, सकाळी बाहेर पडायच्या घाईत, मी सदऱ्याला इस्त्री करत होतो. सदरा सुती होता आणि पुरता वाळलेला नव्हता. कॉलरवर इस्त्री क्षणभर जास्त रेंगाळली, वाफ वर आली, आणि मी इस्त्री हातात धरून तसाच उभा राहिलो. ऊब, स्वच्छपणा, ओल आणि करपायच्या बेतात आलेला धागा. सदरा खराब झाला नव्हता, पण मला उशीर झाला, कारण मी तोच कोपरा पाणी शिंपडून आणखी दोनदा दाबून पाहिला.

त्या रविवारी पेटीतला त्या जातीचा शेवटचा सिगार काढला. जेवण होऊन दोन तास झाले होते, कॉफी घेतली नव्हती, खिडकी अर्धी उघडी होती. मिरी आली, गेली. दाण्यांचा खमंगपणा आला. पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास मी तोंडातला बहुतेक धूर सोडून उरलेला नाकातून जाऊ दिला, आणि इस्त्रीचा वास आला, अगदी ठळक, पूर्वी तिन्ही वेळा आला नव्हता इतका ठळक. मी पेन्सिल उचलली आणि ती वहीवर टेकवण्याआधी बहिणीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. शेवटी लिहिले ते असे : ‘ओल्या सुती कापडावरची गरम इस्त्री. आज फार स्पष्ट. गेल्या मंगळवारपासून मला हे ठाऊक आहे.’ गुणांची जागा कोरी आहे. पेटीत आता त्यातला एकही उरलेला नाही. बहिणीला नवे आणून, पट्ट्या काढून, दोन-तीन दुसऱ्यांत मिसळून ठेवायला सांगितले आहे, आणि या वेळी काय काय मिसळले ते मला सांगू नकोस असेही बजावले आहे.